वही
आज लिथियमच्या तपासणीसाठी रक्त दिलं. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं, हे आता नर्सला मीच सांगतो. वय ६८, बायपोलरसाठी, म्हणजे मन कधी उधाणतं तर कधी खचतं त्या आजारासाठी, ही गोळी सुरू होऊन ३१ वर्षं झाली. पातळी ०.८ आली. तरुणपणी हाच आकडा चांगला म्हणायचे, आज डॉक्टर म्हणाले, डोस थोडा कमी करू. वयानुसार मूत्रपिंडं लिथियम सावकाश बाहेर टाकतात, आणि मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं माझं क्रिएटिनिनही जरा वाढलंय. शिवाय गुडघ्यासाठी मी मनानेच आयब्युप्रोफेन घेत होतो, त्यानेही पातळी चढते. हे मला माहीत असायला हवं होतं.

डोस कमी म्हटल्यावर पोटात गोळाच आला. ज्या गोळीचा एके काळी राग राग केला, तिचाच आता आधार वाटतो. हल्ली पहाटे ३ ला जाग येते. ही म्हातारपणाची झोप, की मॅनियाची, त्या उधाणाची, सुरुवात? पूर्वी मला कळायचंच नाही. आता किती तास झोपलो ते वहीत लिहितो आणि सकाळी बायकोला दाखवतो. माझ्या बोलण्याच्या वेगावरून तिला माझ्याआधी कळतं. आज रिपोर्टही तिनेच आधी वाचला. मग वही उशाशी ठेवत म्हणाली, "जाग आली की मलाही उठवा."