पंखा बंद

दुपारी दोन-अडीचला मागचं आवरून झालं, की काही घरांत ऐन उकाड्यातही पंखा बंद होतो. वीज गेलेली नसते. कोणीतरी वाती वळायला बसलेलं असतं.

पिंजलेला कापूस झुळकीसरशी सोफ्याखाली पळतो, म्हणून पंखा बंद. मग पंख्याखाली दबलेले आवाज वर येतात: फ्रिजची घरघर, बेसिनच्या नळाचा थेंब, शेजारच्या कुकरची उशिराची शिट्टी.

देवकापूस असेल तर आधी सरकी काढायची, मग काडीकचरा. हे कंटाळवाणं काम टाळलं की ज्योत तडतडते. नंतर बोटांनीच कापूस मोकळा करायचा. फुलवातीला छोट्या बोराएवढा पुरतो. तो पापडीसारखा गोल पसरायचा, कडा मधोमध गोळा करायच्या, दुधाचं बोट लावून टोकाला पीळ द्यायचा. दूध नुसतं टेकवायचं. चिंब झालं तर टोक लगदा होऊन बसतं. पीळ सैल पडला तर वात निरांजनात आडवी होते. फार घट्ट झाला तर तूप वर चढत नाही, ज्योत मिणमिणते. टोक जाड राहिलं तर ज्योत मोठी, काजळी भरपूर आणि तूप बघता बघता संपतं.

समईची लांब वात वेगळी. तिला चिमटीवर राख किंवा रांगोळी घ्यायची, म्हणजे कापूस सरकत नाही. एका हाताने धार ओढायची, दुसऱ्या तळव्याने पालथ्या पाटावर वळायची. जुन्या बायका पोटरीवरच वळत. जाडी शेवटपर्यंत सारखी ठेवणं हीच खरी मेख. मधे गाठ आली की ज्योत तिथवर पोचून रेंगाळते.

सराईत हात मालिका बघत वळतात म्हणे. जमतही असेल, पण त्या वाती समईत ओळखू येतात.

लक्ष वातींचा नेम हा वेगळाच प्रांत. चातुर्मासात लाख पुऱ्या करायच्या तर रोज साधारण साडेआठशे. तिथे शांतता कसली, मोजदाद! शंभराची एक जुडी बांधली की विसाव्याला चहा.

विकतच्या वाती दिसायला एकसारख्या, पण एखादी आधी पेटवून बघावी. कापूस जळाला की जळक्या कागदाचा वास आणि हलकी राख. आक्रसून टणक काळा मणी राहिला, तर त्यात कृत्रिम धागा आहे.

घरच्या वाती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातात. आत आधी कागद घालावा. वेलचीचा वास काही केल्या जात नाही. आणि पंखा लावायचा तो झाकण लागल्यावरच. एवढं माहीत असूनही कोणीतरी घामाघूम होऊन बाहेरून येतं, बटण दाबतं, आणि दुपारभराचं काम भिंतीवरच्या कॅलेंडरला जाऊन चिकटतं.