अण्णांना घेऊन परभणी ते परळ: स्टेम सेलच्या चौकशीची फेरी

अण्णांना लकवा मारून चौदा महिने झाले होते. डावा हात छातीशी आखडलेला, पाय फरफटत चालणं. तेवढ्यात दाजींनी मोबाईलवर एक व्हिडिओ धाडला: मेंदूत स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून दुसऱ्या पेशी घडतात त्या मूळ पेशी, सोडतात अन् माणूस उठून चालतो. माय म्हणाली, सोयाबीनचे पैसे आलेच आहेत, एकदा दाखवून या. आपल्या भागातून याच कामासाठी कुणी निघणार असेल, तर आमचे टक्केटोणपे वाचून निघा.

गाडी रात्रीची देवगिरीच धरा. तपोवन दिवसा जाते, पण मुंबईत उतरायला रात्र होते, आणि आजारी माणसाला धरून त्या वेळी खोली कुठं हुडकणार? दुसरं, अण्णांचं तिकीट मी माझ्यासोबत काढलं, तिथंच फसलो. साठीच्या पुढच्या माणसाचं तिकीट वेगळं काढून ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा मागायचा. आम्हाला मिळाले मधला आणि वरचा. जालन्याच्या एका पोरानं अण्णांना आपली खालची जागा दिली म्हणून निभावलं.

दादरला उतरताना अण्णांनी सवयीनं चांगला पाय आधी खाली टाकला. लुळा पाय वरच अडकला, तोल गेला. हमालानं झेललं नसतं तर स्टेशनवरूनच दवाखान्यात जावं लागलं असतं.

पहिल्या दिवशी व्हिडिओवालं सेंटर. नाव लिहीत नाही. एसी, काचेचं टेबल, आणि डॉक्टरच्या आधी भेटली समुपदेशक बाई. एमआरआयची सीडी हातात न घेताच तिनं साडेचार लाखांचं पॅकेज सांगितलं. मी विचारलं, पेशी कुठल्या? तर अण्णांच्याच कमरेच्या हाडातला मगज काढून, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पाठीच्या मणक्यातून सोडणार. आठवडाभरात पैसे भरले तर सवलत. बैलबाजारात पण दात बघून भाव करतात हो!

दुसऱ्या दिवशी परळला, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात. न्यूरोलॉजीची ओपीडी ठराविक वारीच असते, तो वार आधी विचारून घ्या. केसपेपरसाठी सकाळी सातलाच रांगेत लागा. धपाटे आणि पाणी जवळ ठेवा. डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी आणि सीडी, तिन्ही लागतात. नुसत्या रिपोर्टवर भागत नाही.

तिथल्या मॅडमनी सीडी लावली आणि पंधरा मिनिटं दिली. एवढ्या गर्दीत ती फार झाली. त्या म्हणाल्या, हाडातल्या मगजातल्या या पेशी म्हणजे मेंदूच्या मूळ पेशी नव्हेत. रक्त तयार करणं हे त्यांचं मुख्य काम; त्या मेंदूत जाऊन नव्या मेंदूपेशी होतील, असा पुरावा नाही. आपल्याच देशात लकव्याच्या 120 रुग्णांवर अशा पेशींची रीतसर चाचणी झाली, 2014 मध्ये निकाल छापून आला. धोका दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही.

मग खऱ्या मेंदूपेशींचं काय? ते काम चालू आहे, पण बहुतेक कंपवातावर (पार्किन्सनवर). त्यात मुख्यतः एका ठिकाणच्या, डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात, म्हणून नेम धरता येतो. जपानच्या क्योटोत प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशी सात रुग्णांच्या मेंदूत घातल्या. 2025 मध्ये त्याचे निकाल आले. पेशी टिकल्या, डोपामिन बनलं, पण ही सुरुवातीची चाचणी. लकव्यात मेंदूचा अख्खा तुकडा जातो, तारांसकट. शिवाय मूळ पेशी म्हणजे वाढणारं बियाणं. इस्रायलच्या एका मुलाला मॉस्कोत गर्भाच्या मेंदूपेशी टोचल्या होत्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत नि मणक्यात गाठी सापडल्या, त्या दात्याच्या पेशींपासून झालेल्या.

पैशाबद्दल मॅडमनी सांगितलेलं लिहूनच ठेवा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुठंही गेलात तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या औषध-उपचारांच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा आणि तिथंच मोबाईलवर तपासा. आम्ही त्या सेंटरला फोन करून मागितला. ‘सर कळवतील’ म्हणाले. अजून कळवतायत.

अण्णा गप्प होते. टॅक्सीत एवढंच म्हणाले, "म्हंजे हात आता असाच." मला उत्तर सुचलं नाही.

पण फेरी अगदीच वाया गेली नाही. मॅडमनी खाली फिजिओथेरपीत धाडलं. पाऊल लोंबकळू नये म्हणून पायाला स्प्लिंट मिळालं, आखडलेल्या हाताचे व्यायाम मी मोबाईलवर चित्रित करून घेतले. तिथल्या पोरीनं पायऱ्यांचा नियम अण्णांकडून दहादा घोकून घेतला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा. हे मात्र तुमच्या गावाजवळच्या फिजिओथेरपिस्टकडंही मिळेल, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

परतीला तिकिटं वेगळी काढली, अण्णांना खालचा बर्थ मिळाला. परभणीला मी हात द्यायला पुढं झालो, तर त्यांनी तो बाजूला सारला. दांडा धरला, डावा पाय आधी खाली टेकवला आणि मला म्हणाले, "पिशवी घे तू."