देवांच्या तसबिरी ते हॉकीपटूंच्या सह्या : आमची वाटचाल

अण्णांनी १९७४ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरच्या अलीकडं, आठ बाय दहाच्या गाळ्यात तसबिरी मढवायला सुरुवात केली. अंबाबाई, जोतिबा, शाहू महाराज आणि लग्नाचे फोटो, एवढंच काम. नवरात्रात रात्रीचे बारा वाजायचे आणि आषाढात माश्या मारत बसायचं. १९९३ला बारावी झाल्यावर मी दुकानात बसायला लागलो. पट्टी पंचेचाळीसच्या कोनात कापायला शिकण्यात वर्ष गेलं. बोटांवर त्याच्या खुणा अजून आहेत.

धंद्याला वळण लागलं ते १९९७ साली. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार दुकानात आले. कागलकडचे, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा. पिशवीतून त्यांनी तळहाताएवढी वही काढली. आत जुन्या हॉकी खेळाडूंच्या सह्या.

"ही पानं फाडून एका फ्रेमात वळीनं बसवून द्या."

अण्णांनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि परत दिली. "सुभेदार, पान फाडलं की वही मेली. फाडायची असंल तर दुसरीकडं जावा."

गिऱ्हाईक असं परत पाठवलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. पण सुभेदार हसले आणि स्टुलावर बसले ते दोन तास.

फौजेत असताना ते पलटणीच्या संघातून हॉकी खेळायचे. बदली होईल तिथल्या मैदानावर सामन्यानंतर ही वही पुढं करायचे. पलटणीतल्याच माणसाची सही दाखवताना त्यांचा आवाज बदलला. शंकर लक्ष्मण. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिम्पिकला भारताचा गोलरक्षक. मेलबर्नला १९५६ साली भारतानं ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही, त्या संघाचा गोल राखणारा हा गडी. आला होता फौजेच्या बँडमधून. "आमच्या मराठ्यातला माणूस," असं सुभेदार तीनदा म्हणाले.

त्याच्या समोरच्या पानावर लेस्ली क्लॉडियस. १९४८, १९५२, १९५६ला सुवर्ण आणि १९६०ला रौप्य. कलकत्त्याच्या कस्टम्स संघाकडून खेळायचा. निळ्या शाईच्या पेनानं केलेली, तिरकी, झोकदार सही. पुढं एका पानावर "बलबीर सिंग" असं होतं. मी लगेच माझं ज्ञान पाजळलं, "हेल्सिंकीच्या फायनलला पाच गोल मारले तेच ना?" सुभेदार म्हणाले, "तो थोरला बलबीर. १९६८ला मेक्सिकोत एका संघात तीन बलबीर होते, बाळ. हा रेल्वेचा." खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. प्रत्येक सहीखाली होतं. गाव, सामना, साल.

ते पेन्सिलीचं लिखाण मला गचाळ वाटलं. मढवायच्या आधी रबरानं पुसून घेऊ म्हणून मी हात घातला, तर सुभेदारांनी मनगट धरलं.

"सही कोण बी मारंल. पेन्सिल माझी हाय."

अखेर अण्णांनी दोन इंच खोलीची पेटी केली आणि लक्ष्मण-क्लॉडियसचं जोडपान वर येईल अशी वही त्यात उघडी बसवली. खळ लावली नाही, कारण खळीला कसर लागते. नुसत्या कागदी कोपऱ्यांत पानं अडकवली. काच आणि कागद यांच्यात माउंटचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर सोडलं, नाहीतर दमट हवेत शाई काचेला चिकटते. मागं हार्डबोर्ड थेट लागला की त्यातल्या आम्लानं कागद वर्षा-दोन वर्षांत तपकिरी पडतो, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढं चुका करून कळलं आणि आम्ही आम्ल नसलेला बोर्ड पुण्याहून मागवायला लागलो. त्या पेटीचे ३५० रुपये झाले. सुभेदारांनी ४०० दिले.

मग एकाचं बघून दुसरा आला. हॉकी स्टेडियमवरचे जुने खेळाडू, शाळेतले क्रीडाशिक्षक, सांगली-बेळगावचे संग्राहक. २००४पासून आम्ही सह्या विकत घेऊन विकायलाही लागलो, आणि तिथंच माझं नाक कापलं गेलं. एका व्यापाऱ्याकडून मी ध्यानचंदची सही २२ हजाराला घेतली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकचं छापील पान, त्यावर "मेजर ध्यानचंद", आणि सोबत ग्वाही अशी की सामना संपल्यावर मैदानावरच घेतलेली. महिनाभर मी ती छातीशी धरून फिरलो. मग गुजरीतल्या एका सराफ मित्राचं भिंग उसनं आणलं. सहीच्या रेषेत मधोमध खोबण आणि वळणावर शाईचे चिकट ठिपके. बॉलपेन! बॉलपेन बाजारात आलं तेच १९४५च्या सुमारास. आणि बर्लिनला ध्यानचंद मेजर कुठं होता? ते पद फार पुढचं. भिंग नसतं तरी एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. त्या साली घरात फ्रीज यायचा होता, तो आला नाही, आणि हे मला अजून अधूनमधून ऐकवलं जातं. ती सही मढवून गल्ल्यामागं लावली आहे, खाली मोठ्या अक्षरात "खोटी" लिहून. सगळ्यात जास्त फोटो तिचेच निघतात.

तेव्हापासून नियम केला. कुठं, कधी, कुणी घेतली याचा कागद नसेल तर सही आम्ही मढवून देऊ, पण विकत घेणार नाही आणि विकणार नाही. यात धंदा बुडतो. बुडू दे.

२०११ला टोरांटोत राहणारे एक कोल्हापूरकर बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंची सह्या केलेली कार्डं घेऊन आले. "बर्फावर? मग पडत न्हाईत व्हय?" हा अण्णांचा पहिला प्रश्न. तिथला बाजार वेगळा. मॉन्ट्रियलचा जाँ बेलिव्हो चाहत्यांच्या पत्रांना आवर्जून उत्तरं द्यायचा, सहीही सुवाच्य, त्यामुळं त्याच्या खऱ्या सह्या भरपूर. उलट गोलरक्षक टेरी सॉचक १९७० साली चाळिशीतच गेला, म्हणून त्याच्या सहीला भाव. गुळगुळीत कार्डावर मार्करनं केलेली सही उन्हात पार उडून जाते, म्हणून त्या कामाला अतिनील किरण अडवणारी काच वापरतो. वर्षाला दहा-बारा नग येतात. पैसा बरा सुटतो, पण खरं सांगायचं तर त्या खेळावर माझा जीव काही बसला नाही.

सुभेदार २०१४ला गेले. जुलै २०१९मध्ये त्यांच्या लेकीनं ती पेटी दुकानात आणून दिली. काचेला तडा गेला होता. "सवडीनं करा," म्हणाल्या, आणि मी खरंच सवडीनं घेतलं. ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली. २००५ला पाणी आमच्या उंबऱ्यापाशी थांबलं होतं. त्याच हिशेबानं मी माल दोन फूट वर ठेवला, कुलूप घातलं आणि घरी गेलो. पाणी पाच फूट आलं.

शटर उघडलं तेव्हा पट्ट्या फुगून वाकल्या होत्या, बोर्डांचा लगदा झाला होता आणि सगळ्यावर चिखलाचा थर. पेटी तळाच्या फळीवर होती. ओली पानं एकदम सोडवायची नसतात. वही तशीच पंख्याखाली ठेवली. दर दोन तासांनी टीपकागद बदलत पानं एकेक करून सुटी व्हायला सहा दिवस लागले. अण्णा ऐंशीच्या घरात, तरी रात्री उठून टीपकागद बदलायचे. माझ्याशी बोलत नव्हते.

शंकर लक्ष्मणची सही बॉलपेनची, तेलकट शाईची. ती जशीच्या तशी होती. क्लॉडियसच्या जागी फिकट निळा ढग उरला होता.

ताईंना फोन करायला माझा तीन दिवस हात धजला नाही. शेवटी त्या स्वतःच आल्या. मी पेटी पुढं ठेवली आणि भरपाईचं बोलायला लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं आणि वही उजेडात धरली. निळ्या डागाखाली पेन्सिलीची ओळ स्वच्छ दिसत होती. "कलकत्ता, बेटन कप," आणि पुढं साल.

"बाबांचं अक्षर हाय की," त्या म्हणाल्या. "हेच पान वर ठेवा. आणि काच जरा जाड लावा ह्या वक्ताला."