डावा हात पर्चीवर

इंदूरला आमच्या रामबागेतले एक काका सियागंजात मसाल्याच्या होलसेल दुकानात हिशोब बघतात, त्यांना मी स्टॉक एंट्रीचा छोटासा प्रोग्रॅम करून दिला. आत साधा डेटाग्रिडव्ह्यू, म्हणजे डॉटनेटसोबत (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅम लिहायचं साधन) 2005 पासून फुकट मिळणारा तक्ता. दुसऱ्याच दिवशी फोन. "अरे भिया, एंटर मारलं की हे खाली का पळतंय?"

खाली पळणारच, या ग्रिडचा एंटर खालच्याच सेलमध्ये नेतो. मी म्हणलं काका टॅब दाबा की, उजवीकडे जातं. तर म्हणे "तू ये आणि दाबून दाखव."

गेलो. बघतो तर काकांचा डावा हात पर्चीवर, बोट ओळीवर ठेवलेलं, उजवा हात नंबरपॅडवर, नजर कागदावर. स्क्रीनकडे बघतच नाहीत! टॅब कीबोर्डच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यासाठी बोट उचललं की पर्चीतली ओळ हरवली. एक्सेलमध्ये त्यांचा वेगळाच जुगाड होता, भाच्याने ऑप्शन्समध्ये एंटरची दिशा उजवीकडे करून दिलेली, आणि काका आधी माल ते भाव असा अख्खा पट्टा सिलेक्ट करून बसायचे, मग एंटर त्या पट्ट्यातच फिरतो, ओळ संपली की आपोआप पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. ॲरोला चुकून धक्का लागला की सिलेक्शन गेलं, तेवढं सांभाळायचं.

तेच मला इथे हवं होतं. आधी कीडाऊन इव्हेंटमध्ये (बटण दाबलं की चालणारा कोड) लिहिलं, सेल नुसता निवडलेला असताना मस्त चाललं, पण आकडा टाइप करायला लागलं की परत खाली, कारण तेव्हा फोकस आतल्या टेक्स्टबॉक्सकडे असतो आणि ग्रिडच्या कीडाऊनला पत्ताच लागत नाही. मग हुशारी करून सेलएंडएडिटमध्ये, म्हणजे सेलमधलं लिहिणं संपतं तिथे, करंटसेल (चालू सेल) बदलला, तर ग्रिडने रीएंट्रंट कॉल, म्हणजे एक काम अर्धवट असताना परत तेच सांगितलं, म्हणून एरर तोंडावर फेकला. बरोबरच आहे त्याचं, तो स्वतः सेल सोडण्याच्या मधोमध आणि मी त्याला तिसरीकडेच ओढतोय. बिगिनइन्व्होक लावून (हातातलं काम संपल्यावर कर असं सांगून) सुटतं ते, पण मला ठिगळ नको होतं. शेवटी ग्रिडचा क्लास वाढवून दोन मेथड ओव्हरराइड केल्या, म्हणजे त्यांच्या जागी माझा कोड बसवला, प्रोसेसडायलॉगकी (एडिट चालू असताना) आणि प्रोसेसडेटाग्रिडव्ह्यूकी (नसताना), दोन्हीकडून एकच फंक्शन. हे सरळ पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, तीन संध्याकाळी गेल्या. रकमेचा कॉलम रीडओन्ली (नुसता बघायचा) आहे पण ग्रिड तिथेही थांबतोच, तो आपणच ओलांडायचा. नंबरपॅडच्या एंटरसाठी वेगळं काही लागलं नाही, विंडोजमध्ये दोन्ही एंटरचा कोड 13.

सिलेक्शनचं म्हणाल तर फुलरोसिलेक्ट ठेवलेलं, अख्खी ओळ निळी, आपण नेमके कुठल्या सेलवर आहोत ते कळेना. सेलसिलेक्ट केलं, मल्टीसिलेक्ट बंद, चालू ओळीला हलका पिवळा.

मग एक दिवस काका म्हणे "दोन लिहिलं की खाली जातंय, आठ लिहिलं की वर"! माझ्या पोटात गोळा, कोड दोनदा वाचला. नमलॉक बंद होतं, मग नंबरपॅडचे दोन-आठ ॲरो होतात.

राहिलं मागे जाणं. शिफ्ट-एंटर दिलं होतं, पण शिफ्टला डावा हात लागतो आणि डावा हात तर पर्चीवर. म्हणून नंबरपॅडचं मायनस दिलं. चार दिवसांनी परतीचा माल आला, त्याची पोती काका मायनसमध्ये लिहितात. आता भागाकाराचं बटण दिलंय, पोत्यांना कोण भागतंय.