हातोडीचा आवाज

आज सकाळी महापालिकेचे ज्युनियर इंजिनिअर आणि स्ट्रक्चरल ऑडिटवाले (म्हणजे बिल्डिंगची मजबुती तपासणारे) एकदमच दारात. आमच्या बिल्डिंगला ३१ वर्षं झाली. तिशी ओलांडली की ऑडिट कायद्यानेच करावं लागतं. तशी नोटीसही आली होती, कमिटीने चार महिने फाईलमध्ये झोपवली. (कमिटीत मीही आहे. असो.)

ऑडिटवाले पार्किंगमधल्या कॉलमवर हातोडीने टकटक करत निघाले. खणखणीत, खणखणीत, खणखणीत... आणि कोपऱ्यातल्या कॉलमवर एकदम बद्द. जरा खरवडलं तर प्लास्टरचा पोपडाच हातात आला, आत सळई गंजून पापुद्रे सुटलेले. वर कोणाचं बाथरूम आहे ते सगळ्यांना ठाऊक. कोणी तोंड उघडलं नाही.

मग दुसरा मजला. तिथे मधली भिंत पाडून हॉल मोठा केलाय, वर तुळई आहे की नाही कोण बघतो! काकू म्हणाल्या, "साहेब, चहा तरी घ्या." साहेबांनी नुसतं पाणी घेतलं आणि भिंत लिहून घेतली.

महापालिकेचा माणूस दिसला की 'हा आता किती मागतोय' एवढंच आपल्या डोक्यात येतं. माझ्याही आलं. खरं तर महाडची तारिक गार्डन ही इमारत ऑगस्ट २०२० मध्ये कोसळली, १६ जीव गेले, तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. आमची तर एकतिशीतली.

उद्या सातला मीटिंग, विषय अर्थातच वर्गणी. मी तूर्तास गाडी त्या कॉलमपासून हलवलीय.