मोडल डायलॉगच्या कडेची पट्टी गेली एकदाची

मंडळी, गडांच्या फोटोंचा लाइटबॉक्स (फोटो मोठा करून दाखवणारी चौकट) एचटीएमएलच्या डायलॉगवर, म्हणजे पानावर उघडणाऱ्या खिडकीच्या एलिमेंटवर, नेतोय म्हणालो होतो ना, तो शेवटी मोबाइलवर काठोकाठ बसला. पण त्याआधी डोक्याचा पार भुगा झाला.

सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) विड्थ १०० टक्के, पॅडिंग (आतली मोकळी जागा) शून्य, बॉर्डर नाही, बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (पॅडिंग-बॉर्डर रुंदीतच धरणं), एवढं सगळं देऊनही ३६० पिक्सेलच्या स्क्रीनवर फोटो ३२२ लाच अडायचा, दोन्ही बाजूंना १९-१९ ची पट्टी. विड्थ १०० व्हीडब्ल्यू (स्क्रीनची पूर्ण रुंदी) केली, ढिम्म. मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) शून्य केलं तर फोटो डावीकडे चिकटला आणि अख्खी ३८ ची पट्टी उजवीकडे गेली. आणि डायलॉग शोमोडलने (मागचं पान अडवून, म्हणजेच मोडल) उघडण्याऐवजी नुसतं शो (पान न अडवता) वापरलं की पट्टी गायब!

मग कॅप्शन मोठी दिसावी म्हणून डायलॉगचा फॉन्ट १६ चा २० केला आणि पट्टी १९ ची २३ झाली. तिथे ट्यूब पेटली, कुठेतरी एम (फॉन्टच्या आकाराइतकं माप) आहे! ब्राउझर मोडल डायलॉगला स्वतःहून मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) लावतो, १०० टक्के वजा ६ पिक्सेल वजा २ एम. ६ म्हणजे दोन बाजूंची ३-३ ची डिफॉल्ट बॉर्डर, २ एम म्हणजे दोन बाजूंचं १-१ एमचं पॅडिंग. आपण दोन्ही काढून टाकलं तरी वजाबाकी चालूच. मॅक्स-हाइटलाही हेच. दोन्ही नन (मर्यादाच नाही) केले, खेळ खल्लास. इम्पॉर्टंट (नियम जबरदस्तीने लावणारा शब्द) वगैरे काही लागत नाही, इथे आपला साध्या सिलेक्टरचा नियमही ब्राउझरच्या डिफॉल्टला भारी पडतो.

तेच कधी अंगाशीही येतं बरं का. डायलॉगला सरळ डिस्प्ले फ्लेक्स दिलं तर ब्राउझरचं डिस्प्ले नन (बंद डायलॉग लपवणारा नियम) हरतं आणि बंद डायलॉगही पानावर ठाण मांडून बसतो, म्हणून फ्लेक्स फक्त ओपन असतानाच द्या.

असल्या शोधाशोधीला मला क्रोमचं डेव्हटूल्स आवडतं, युजर एजंट स्टाइलशीट (ब्राउझरचे स्वतःचे नियम) थेट समोर, फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये ब्राउझर स्टाइल्सवर आधी टिक करावी लागते. आणि सरसकट सगळ्यांचं मार्जिन शून्य करणाऱ्या रेडीमेड रिसेट फाइली मी आता वापरत नाही, डायलॉगचं मार्जिन ऑटो उडतं आणि बॉक्स कोपऱ्यात जाऊन बसतो.

फिल्टरचा मेनूही डायलॉगमध्येच करणार होतो, पण हे टाइप करताना वाटतंय की पॉपओव्हरच (पानावर तरंगणारा छोटा बॉक्स) बरा, मॅक्स-विड्थची भानगड नाही, पॅडिंग जेमतेम पाव एम, बाहेर टॅप केलं की आपोआप बंद. फक्त इनसेट (कडांपासूनचं अंतर) शून्य आणि मार्जिन ऑटोमुळे तोही स्क्रीनच्या मधोमध उघडतो, त्याला बटणाखाली आणायचंय. अँकर पोझिशनिंग (एका एलिमेंटला दुसऱ्याच्या जागेशी बांधणं) कोणी लावलंय का?