टेस्टमध्ये आयडी पुन्हा १ वर आणावा का?

प्रत्येक युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागाची चाचणी) ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात, चालवून शेवटी रोलबॅक केले, म्हणजे ते बदल रद्द केले, की डेटाबेस पूर्ववत होतो, हा समज बऱ्याच अंशी खरा असला तरी पोस्टग्रेस या डेटाबेसमधील सिक्वेन्सला, म्हणजे नव्या नोंदींना क्रमाने आयडी देणाऱ्या गणकाला, तो लागू पडत नाही. एकदा दिलेला आकडा सिक्वेन्स परत घेत नाही. एकाच वेळी नोंदी करणाऱ्या ट्रान्झॅक्शनना एकमेकींसाठी खोळंबावे लागू नये, म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे. मायएस्क्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्येही हीच रीत आहे. परिणामी ग्राहकाचा आयडी १ असणारच, असे गृहीत धरणारी टेस्ट एकटी चालवली तर पास होते आणि इतरांच्या मागून चालवली की फेल होते.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर हा दोष सहसा दिसतच नाही. तेथे साध्या इंटिजर प्रायमरी कीला (नोंदीची ओळख ठरवणाऱ्या आकड्याला) टेबलमधील सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढचा आकडा मिळतो, आणि ऑटोइन्क्रिमेंट (आयडी पुन्हा न वापरण्याची सूचना) लिहिले असले तरी त्याचा हिशेब एका साध्या टेबलमध्येच राहत असल्यामुळे रोलबॅकबरोबर तोही मागे जातो. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) पोस्टग्रेस असेल, तर ‘माझ्याकडे तर चालते’ हे उत्तर ठरलेलेच!

आकडा मागे आणण्याचे उपाय आहेत. पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटला (टेबल रिकामे करणाऱ्या आदेशाला) ‘रीस्टार्ट आयडेंटिटी’ जोडता येते, तर जँगो या पायथॉन फ्रेमवर्कच्या ट्रान्झॅक्शनटेस्टकेस या टेस्टच्या क्लासमध्ये सिक्वेन्स रीसेट करण्याची सोय आहे, मात्र ती वापरली की टेस्ट बऱ्याच संथ होतात. मायएस्क्यूएलमधील ट्रंकेट चालू ट्रान्झॅक्शन परस्पर कमिट (पक्के) करून टाकतो, म्हणजे मग रोलबॅकही उरत नाही.

माझा खरा आक्षेप संथपणाला नाही. सर्व टेबलांचे आकडे १ पासून सुरू झाले की ग्राहकही १, ऑर्डरही १ आणि बिलही १. मग एखाद्या फंक्शनला ऑर्डरच्या जागी ग्राहकाचा आयडी दिला गेला तरी टेस्ट पास होते, आणि १ हा आयडी दोन्ही टेबलांत असल्यामुळे फॉरेन कीसुद्धा (दुसऱ्या टेबलमध्ये ती नोंद आहे ना, हे पाहणारा नियम) तक्रार करत नाही. म्हणून मी टेस्टचा डेटाबेस तयार करतानाच ग्राहकांचा सिक्वेन्स १००० पासून, ऑर्डरचा ५००० पासून आणि बिलांचा ९००० पासून सुरू करतो. टेस्टमध्ये आकडा लिहीत नाही. नोंद केल्यावर हाती आलेला आयडीच पुढे वापरतो. अस्तित्वात नसलेली नोंद हवी असेल तेव्हा ९९९९ लिहिण्याऐवजी एक नोंद करून ती पुसतो आणि तिचा आयडी वापरतो, कारण सिक्वेन्स कधी ना कधी ९९९९ वर पोहोचतोच.

बिल क्रमांकाची गोष्ट निराळी आहे. जीएसटीच्या नियम ४६ नुसार बिलाला सलग अनुक्रमांक लागतो, आणि रोलबॅकमुळे खंड पडणाऱ्या सिक्वेन्सवर त्यासाठी विसंबता येत नाही. तो क्रमांक वेगळ्या टेबलमधील एका ओळीत ठेवून, ती ओळ लॉक करून, बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवावा लागतो. तो रोलबॅकबरोबर मागेही येतो, त्यामुळे पहिल्या बिलाचा क्रमांक १ आहे, हे टेस्टमध्ये खुशाल तपासावे.